कर्नलचा सोर्स घरीच ठेव

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझा फोन आला तेव्हा कामात होतो, धड बोलता आलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, सोर्स कोड स्वतः बिल्ड करायला (त्यातून चालणारा कर्नल बनवायला) कुठे ठेवू, असं तू विचारलंस. माझं मत विचारशील तर सरळ होम डिरेक्टरीत, म्हणजे तुझ्या युजरच्या घरच्या फोल्डरात, ठेव. '/यूएसआर/एसआरसी/लिनक्स'च्या वाटेला जाऊ नकोस. तुला ती जागा सुचवणाऱ्याने मनानं काही सांगितलेलं नाही, पूर्वी रीतच तशी होती. सिस्टीमच्या हेडर फाइल्स (सी प्रोग्रॅम कंपाइल होताना वाचल्या जाणाऱ्या फाइल्स) म्हणजे त्या फोल्डरकडे जाणाऱ्या लिंक असायच्या. तिथला सोर्स बदलला की साध्या सी प्रोग्रॅमलाही नवे हेडर मिळायचे आणि सी लायब्ररी मात्र जुन्यावर बांधलेली, मग मेळ कसा बसणार! लिनक्सचा जनक लिनस टोरव्हाल्ड्सनं २००० सालीच याला विरोध केला होता. कर्नलसोबतच्या सूचनांमध्येही ती जागा वापरू नका, असं स्पष्ट लिहिलंय.

घरच्या फोल्डरात आणखी एक सोय आहे. रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, व्हावं लागत नाही. कॉन्फिग (कर्नलमध्ये काय घ्यायचं ती निवड), मेक (बिल्डची कमांड) सगळं साध्या युजरनं होतं. सुडो (रूटच्या अधिकारानं कमांड चालवणं) लागतो तो शेवटी, 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' आणि 'मेक इन्स्टॉल'पुरता. तासभर चालणाऱ्या स्क्रिप्टांना रूटचा अधिकार देऊन ठेवणं मला बिलकूल पटत नाही.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. सोर्स एका फोल्डरात आणि बिल्ड दुसऱ्यात कर. मेकला 'ओ=' लावून बिल्डच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, आणि पुढच्या प्रत्येक कमांडला, इन्स्टॉललासुद्धा, तो लावायला विसरायचं नाही. सोर्समध्ये आधीच एकदा बिल्ड केलं असेल तर 'मेक एमआरप्रॉपर' करावं लागेल, पण त्यात तिथली 'डॉट कॉन्फिग', म्हणजे कॉन्फिगची फाइल, उडते. ती आधी बाजूला काढ. खानापुरात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते मी तुला काय सांगू! तुझ्या डेस्कटॉपला बॅटरी नाही. ऐन कंपाइलमध्ये लाइट गेली तर पुन्हा मेक दिलं की बहुतेक काम जिथल्या तिथून पुढे चालू होतं. पण एखादी ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला तुकडा) अर्धवट राहिली तर विचित्र एरर येतात. अशा वेळी कॉन्फिग जपून बाकी बिल्डचा फोल्डर बेधडक उडवायचा. सोर्सला धक्का लागत नाही, सोर्समधले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्येही कचरा दिसत नाही.

पेनड्राइव्हवर मात्र ठेवू नकोस. त्यावर बहुधा एफएटी फाइल सिस्टीम असते. कर्नलमध्ये 'एक्सटी_मार्क' नावाच्या दोन हेडर फाइल्स आहेत, एकीत मार्क कॅपिटल, दुसरीत स्मॉल. एफएटीला त्या एकच वाटतात, शिवाय सिमलिंकही (दुसऱ्या फाइलकडे नेणाऱ्या लिंक) चालत नाहीत. लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टीम हवी. फोल्डरच्या नावात स्पेस नको, मेक तिथेच अडतं.

जागेचं बघ. डिस्ट्रोची (तू बसवलेल्या लिनक्सच्या आवृत्तीची) कॉन्फिग डीबग माहितीसकट बिल्ड केलीस तर दहा-पंधरा जीबी सहज जातात. त्यापेक्षा 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' वापर, म्हणजे त्या वेळी लोड असलेलीच मॉड्यूल्स (कर्नलचे सुटे भाग, बहुतेक ड्रायव्हर) घेतली जातील. आधी प्रिंटर, वायफायचा डोंगल सगळं जोडून घे, नाहीतर तेवढंच नेमकं वगळलं जाईल.

आणि नवा कर्नल वापरात असेपर्यंत त्याचा बिल्डचा फोल्डर हलवू नकोस. '/लिब/मॉड्यूल्स'मधली 'बिल्ड' लिंक तिथेच जाते, कर्नलच्या सोर्समध्ये नसलेला बाहेरचा ड्रायव्हर बांधायला ती लागते.

डिस्कवरची मोकळी जागा दाखवणाऱ्या 'डीएफ -एच'चं आउटपुट आजच पाठव. होममध्ये जागा कमी असेल तर गणपतीला येताना डिस्क घेऊन ये, इथेच पार्टिशन करू. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
महेश