बाहुली बनवली, पण चालवायची कधी?

संपादक साहेब, नमस्कार.

मे महिना जवळ आला की पेपरात शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात, त्यात हल्ली पपेट मेकिंग असतंच. दोन तास, साहित्य आमच्याकडून, बाहुली घरी न्या. मी प्राथमिक शाळेत शिकवते. मागच्या वर्षी असं एक वर्कशॉप मीपण केलं, मोज्याला बटणांचे डोळे लावले, फोटो काढले, आणि वर्गात ती बाहुली हातात घालून उभी राहिले तर दोन मिनिटांनंतर पुढे काय करायचं तेच कळेना, कारण चालवायला कोणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून या वर्षी मुद्दाम कुडाळजवळ पिंगुळीला गेले. तिथल्या ठाकर समाजातल्या कलाकारांनी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलीय. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा कुठे आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे गाव कळलं. आम्ही आठ जणी एका कलाकार काकांकडे दोन दिवस शिकलो.

पहिल्या दिवशी फेविकॉल नाही की रंग नाही. काकांनी तयार बाहुली हातात दिली आणि म्हणाले, हिला नुसती उभी करा. सोपं वाटलं होतं, पण माझी बाहुली सारखी हवेत तरंगायची, लुगड्याचा घेर जमिनीपासून चार बोटं वर. जरा खाली घेतली की मानेचा दोरा सैल पडायचा आणि डोकं एकदम छातीवर. काका म्हणाले, "बाई, हाताकडे बघू नका, बाहुलीकडे बघा." अर्धा तास तेवढंच केलं तेव्हा ती जमिनीवर टेकली, आणि मग हातांचे दोन दोरे हळूच उचलून तिनं नमस्कार केला तेव्हा अंगावर काटा आला माझ्या!

दुसऱ्या दिवशी दोन बाहुल्यांचा संवाद. जी बोलते तीच हलणार, दुसरीनं गप्प उभं राहून ऐकायचं, नाहीतर बघणाऱ्याला कळतच नाही कोण बोलतंय. एवढी साधी गोष्ट, पण हात ऐकत नाही, तो आपोआप हलतोच. संध्याकाळी पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावून चामड्याच्या बाहुल्या दाखवल्या, बाहुली दिव्याकडे नेली की सावली केवढीतरी मोठी होते, तेवढ्यावर राक्षस उभा राहतो.

शिबिरं घेणाऱ्यांना तुमच्यामार्फत एवढंच सांगायचंय की बाहुली बनवायला एक तास पुरे, उरलेला सगळा वेळ ती चालवायला द्या. आणि शिकवायला पिंगुळीच्या या घरांतल्या कलाकारांना बोलवा, नुसता नारळ आणि शाल देऊन नाही तर रीतसर मानधन देऊन. दिल्लीचं सीसीआरटी, म्हणजे सरकारचं सांस्कृतिक प्रशिक्षण केंद्र, शिक्षकांसाठी बाहुल्यांचं ट्रेनिंग घेतं, पण तिथवर किती जणांना जाता येणार? आमच्या तालुक्याच्या ट्रेनिंगमध्ये वर्षातले दोन दिवस याला मिळाले तरी खूप आहे. तुमच्या पुरवणीतही हे लोक पुरस्कार नसलेल्या वर्षी दिसू देत.

मी वर्गात सुरुवात केलीय. चौथीतली एरवी एक मिनिट शांत न बसणारी दोन मुलं परवा पडद्यामागे उभी होती, एक बोलत होता आणि दुसरा आपली बाहुली दोन्ही हातांनी घट्ट धरून, अजिबात न हलवता, त्याचं ऐकत होता.

– एक प्राथमिक शिक्षिका, रत्नागिरी