अल्ट्रा म्हणजे नेमके किती?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मॅरेथॉन पुरी केल्याबद्दल मनापासून अभिनंदन. ‘अल्ट्रा म्हणजे नेमके किती किलोमीटर?’ या तुझ्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत संपते: मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा जास्त काहीही. पण या उत्तरावर विसंबून तू त्या ८० किलोमीटरच्या शर्यतीत नाव नोंदवू नयेस, म्हणून हे पत्र.

मॅरेथॉनपर्यंतचा मामला सरळ असतो. ट्रॅकवरचे ५,००० आणि १०,००० मीटर, म्हणजे ४०० मीटरच्या साडेबारा आणि पंचवीस फेऱ्या, मग रस्त्यावरची हाफ आणि फुल मॅरेथॉन. सगळीकडे अंतर ठरलेले आणि स्पर्धा वेळेची. (मॅरेथॉनचा तो अडनिडा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला, तो १९२१ मध्ये प्रमाण मानला गेला.) अल्ट्रातही ५० आणि १०० किलोमीटर, ५० आणि १०० मैल अशी ठरावीक अंतरे आहेत, पण तिथे दुसरी एक जात आहे, जिच्यात वेळ ठरलेली असते आणि मोजायचे असते ते अंतर.

अशा एका २४ तासांच्या शर्यतीत मी फेऱ्या मोजायला बसलो होतो. एकाच बाजूच्या पायावर सतत ताण येऊ नये म्हणून धावण्याची दिशा दर काही तासांनी उलटी केली जात होती. शेवटच्या काही मिनिटांत प्रत्येकाच्या हातात त्याच्या क्रमांकाचा लाकडी ठोकळा देण्यात आला. शिट्टी वाजताच असाल तिथे तो खाली ठेवायचा, म्हणजे अपुऱ्या फेरीचे मीटरही मोजता येतात. एका गृहस्थांना वाकताच येईना. त्यांनी ठोकळा नुसता सोडला, तो उडून हातभर पुढे गेला, तेव्हा पंचांनी तो निमूटपणे उचलून त्यांच्या पायाशी आणून ठेवला! या प्रकारात लिथुआनियाचा धावपटू अलेक्सांद्र सोरोकिन याने २०२२ मध्ये ३१९.६१४ किलोमीटर अंतर कापले.

बॅकयार्ड प्रकारात तर अंतरही ठरलेले नाही आणि वेळही नाही. दर तासाला ६.७०६ किलोमीटरची एक फेरी, म्हणजे २४ तासांत बरोबर १०० मैल. पुढच्या तासाच्या ठोक्याला जो रेषेवर हजर नसेल तो बाद, आणि एकच उरेपर्यंत हे चालू. लवकर फेरी संपवणाऱ्याला विश्रांतीच्या काही मिनिटांपलीकडे काही मिळत नाही, म्हणून मला हा प्रकार सर्वांत खट्याळ वाटतो.

तू मात्र ‘८० किलोमीटर’ एवढेच कळवले आहेस, आणि माझ्या मते त्यावरून काहीच कळत नाही. ग्रीसमधली स्पार्टाथलॉन शर्यत अथेन्स ते स्पार्टा २४६ किलोमीटरची असून ती ३६ तासांत पुरी करावी लागते. आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताभोवतीची शर्यत सुमारे १७० किलोमीटरचीच, पण तिच्यात जवळपास १०,००० मीटर चढ असल्यामुळे साडेशेहेचाळीस तासांची मुभा आहे. डोंगरवाटेच्या शर्यतीत चांगले चांगले धावपटू तीव्र चढ चालत चढतात, त्यात कमीपणा नाही. शिवाय वाटेतल्या ठाण्यांवर पोहोचायलाही वेळेची मर्यादा असते. ती चुकली की पायांत दम असूनही शर्यत तिथेच संपते.

तेव्हा तुझ्या शर्यतीचा एकूण चढ, एकूण वेळ आणि पहिल्या ठाण्याची मर्यादा, हे तीन आकडे उलट टपाली कळव. तयारीचे त्यानंतर बोलू.

तुझा,
जुना सोबती