मावशींची गाठ परत का आली

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

'सगळी गाठ काढली, किरण दिले, औषध दिलं, तरी मावशींची गाठ परत आली कशी?' असं तू विचारलंस, तेव्हा मी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. आज नीट लिहितो.

मावशींना झालेल्या ग्लायोब्लास्टोमातल्या, म्हणजे मेंदूच्या त्या कर्करोगाच्या गाठीतल्या, सगळ्या पेशी सारख्या नसतात. २००४ साली टोरांटोच्या पीटर डर्क्स यांच्या गटाने दाखवलं, की सीडी१३३ हे प्रथिन अंगावर मिरवणाऱ्या जेमतेम १०० पेशी उंदराच्या मेंदूत सोडल्या तरी गाठ उभी राहते. ते नसलेल्या १ लाख सोडूनही राहत नाही. झालं! सगळे त्या 'मूळपेशी' हुडकून मारायच्या मागे लागले. राणी मारली की वारूळ ओसाड, असा हिशेब.

मला आता तो पटत नाही. गेल्या महिन्यात प्रयोगशाळेत माझ्याच धांदलीत अशा गाठपेशींच्या एका डिशमध्ये सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) पडलं. या पेशी आम्ही सीरमशिवाय, दोन वाढघटकांवर पोसतो. तेव्हा त्या गोल पुंजके करून तरंगतात. चार-पाच दिवसांत पुंजके तळाशी बसले, पेशी पसरल्या, त्यांना फाटे फुटले, म्हणजे त्या 'मोठ्या' झाल्या. जनुकं तीच होती, निरोप तेवढा बदलला होता.

नॉच या पेशीच्या अंगावरच्या प्रथिनाला मिळणारा निरोप तर अक्षरशः शेजारणीकडून, शेजारच्या पेशीकडून, येतो. तिच्यावरचं प्रथिन या पेशीच्या नॉचला धरून ओढतं, ताणाने कापायची जागा उघडी पडते, विकरांची कात्री दोनदा चालते आणि आतला तुकडा सुटून थेट केंद्रकात शिरतो: 'अशीच राहा'. बीएमपी या दुसऱ्या निरोप्या प्रथिनाचं सांगणं उलट: 'मोठी हो'.

निरोप विरतात, ते धरून ठेवतात डीएनए आणि हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या) रासायनिक खुणा. मुलांच्या मेंदूच्या खोडातल्या एका गाठीत हिस्टोन एच३ मधलं २७वं अमिनो आम्ल लायसिन जाऊन तिथे मेथिओनिन येतं. एवढ्याशा फरकाने जनुकं गप्प करणारी पीआरसी२ ही यंत्रणा अडते, आणि पेशी पोरवयातच अडकून पडते.

आणि २०१४ साली कळलं, की सॉक्स२, ओलिग२ धरून चार नियंत्रक प्रथिनं चालू केली तर मोठी झालेली गाठपेशीही पुन्हा मूळपेशीसारखी वागते. म्हणजे राणी मेली तर कामकरीच राणी! मावशींच्या बाबतीत नेमकं काय झालं ते मी छातीठोक सांगणार नाही, पण वाट ही असू शकते.

ती बिघडलेली डिश मी टाकली नाही. परवा पुन्हा जुन्या द्रावणावर ठेवली. आज सकाळी तळ सोडून तरंगणारे दोन बारके पुंजके दिसले.

तुझा,
अवी