हॉवर जमत नाहीये म्हणून एवढी खचू नकोस

चिऊ,

काल फोनवर तू म्हणालीस की पिलाटसवर, त्या शिकाऊ विमानावर, सगळं छान जमत होतं आणि आता अरक्कोणमला नेव्हीच्या हेलिकॉप्टर शाळेत चेतक हेलिकॉप्टर हॉवरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी, उभंच राहत नाही. फोन ठेवल्यापासून आई काळजीत आहे, मी नाहीये. अगं विमान ट्रिम केलं की हात सैल सोडला तरी सरळ जातं, हेलिकॉप्टर हॉवरमध्ये सारखं कुठेतरी पळायलाच बघतं, कलेक्टिव्ह, म्हणजे वर-खाली नेणारी डाव्या हातातली दांडी, जरा वर घेतलं की चेतकचं नाक डावीकडे जातं, मग उजव्या पेडलला पाय द्यायचा, तो दिला की सायक्लिक, म्हणजे पुढे-मागे-बाजूला नेणारी समोरची स्टिक, बिघडतं, एक सांभाळावं तर बाकीची दोन सुटतात. पुढे सी किंग हेलिकॉप्टरवर गेलीस की पाय उलटे, कारण त्याचा रोटर, म्हणजे वरचा पंखा, उलटा फिरतो, आणि कामोव हेलिकॉप्टरला तर टेल रोटर, म्हणजे शेपटीचा पंखाच नाही. पण ते नंतर.

मी दीपक या शिकाऊ विमानावर शिकलो, इन्स्ट्रक्टर शेजारीच बसायचे. स्पिनमधून, म्हणजे विमान गरगरत खाली यायला लागलं की त्यातून, बाहेर यायला उलटा रडर पूर्ण दाबायचा, मग स्टिक पुढे, सगळं ठाम आणि मोठं. तोच हात घेऊन चेतकवर आलं की माणूस स्टिक ढवळत बसतो. इथे नुसता दाब पुरतो गं, हालचाल दिसायलाही नको. आणि नजर लांब ठेव, हँगरवर नाहीतर झाडावर. पायाखालचं गवत बघितलंस तर इंचभर सरकलेलंही मोठं वाटतं आणि हात धावतो.

हे मी एवढं का सांगतोय, तर पुढे जहाजावर उतरताना पावसाळ्यात डेक वरखाली होत असतो आणि नवीन पायलट डेकच्या मागे मागे जातो. तसं करायचं नाही, आपण स्थिर राहून डेक शांत व्हायची वाट बघायची. रात्री सी किंग ४० फुटांवर थांबून पाण्यात सोनार, म्हणजे पाणबुडी शोधायचं यंत्र, सोडतं, बाहेर काळोख, क्षितिज नाही. ऑटो हॉवर असतो, पण तो गेला तर तुझे हातच. अंग सांगेल आपण कलतोय, ऐकू नकोस, समोरची घड्याळं, म्हणजे इन्स्ट्रुमेंट्स बघ.

मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ हा समुद्रातल्या तेल कामगारांचा राहायचा बार्ज बुडाला तेव्हा जहाजांबरोबर नेव्हीची हेलिकॉप्टरंही माणसं शोधत होती. मी तेव्हा रिटायर झालो होतो, घरी बसून टीव्ही बघत होतो आणि जीव तिकडे. विंचने माणूस उचलताना पायलटला तो खाली दिसतही नाही, दारातला क्रू सांगतो जरा पुढे, जरा उजवीकडे, आणि तू तेवढंच सरकायचं, त्याहून जास्त नाही. त्या माणसाचं सगळं तेव्हा तुझ्या हॉवरवर असतं. म्हणून आत्ता वेळ लागतोय तर लागू दे, पण कच्चं ठेवून पुढे जाऊ नकोस.

पुढच्या उड्डाणाला इन्स्ट्रक्टरना सांग, सर, फक्त पेडल माझ्याकडे द्या, बाकी तुम्ही धरा. मग एकेक कंट्रोल घे. रविवारी फोन कर, वारा कुठून होता आणि नाक कुठे पळत होतं ते नीट लक्षात ठेवून सांग.

तुझे बाबा