मागच्या इंडिकेटरबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

बाबा, एलईडी बसवल्यापासून मागचा इंडिकेटर घाईघाईनं लुकलुकतो म्हणालात. बल्ब चांगला आहे, परत करू नका. जुना बल्ब 21 वॉटचा, पावणेदोन अँपिअर करंट घेणारा. एलईडी जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्शावर चालतो. एवढा कमी करंट पाहून फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला, वाटतं की बल्ब उडाला, म्हणून तो वेग वाढवतो.

तुमच्या गाडीत फ्लॅशर रिले वेगळा निघत असेल, तर एलईडीला चालणारा रिले बसवा. मला तोच उपाय पटतो. बऱ्याच नवीन गाड्यांत तो कंट्रोल युनिटमध्येच, म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक डब्यातच असतो, मग बहुतेक वेळा रेझिस्टर, म्हणजे जुन्या बल्बइतका करंट ओढणारा भाग, लावावा लागतो. 6 ओहम, 50 वॉटचा घ्या. एक टोक इंडिकेटरच्या वायरीला, दुसरं अर्थला (गाडीच्या बॉडीला), म्हणजे बल्बला पॅरलल. वायर कापून मध्ये जोडलात तर करंट वाढणारच नाही. आणि तो भयंकर तापतो, बाबा. 12 व्होल्टला 2 अँपिअर म्हणजे 24 वॉट, सगळी उष्णताच. पत्र्यावर स्क्रूनं घट्ट बसवा. प्लास्टिक आणि वायरींपासून लांब. टेपनं चिकटवून ठेवू नका, हात जोडते.

पार्किंग लाइटच्या वेळी तुम्ही वायरी पिळून नुसती टेप गुंडाळली होतीत. मी पाहिलं होतं, तेव्हा बोलले नाही. या वेळी सोल्डर करा, वर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

पार्किंगचा छोटा एलईडी पेटत नसेल तर काढून उलटा लावा, प्लस-मायनस अदलाबदल झालेलं असू शकतं.

रेझिस्टर लावल्यावर बल्ब खरंच गेला तरी इंडिकेटर नेहमीच्याच वेगानं वाजत राहील, तुम्हाला कळणार नाही. म्हणून आई, हे काम तुझं. आठवड्यातून एकदा गाडीमागे उभी राहा आणि इंडिकेटर लुकलुकतात का ते बघ. तेव्हाच ब्रेकलाइटही बघ. बाबांना आधी टेललाइट लावायला सांग, मग ब्रेक दाबायला. उजेड ठळक वाढला पाहिजे. नाही वाढला तर मागच्याला ब्रेक कळणार नाही, त्या दिवशी गाडी काढू देऊ नकोस.

हेडलाइटला मात्र हात लावू नका. तो रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. त्यात एलईडी घातला की उजेड विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

जोडणी झाली की वायरी दिसतील असा फोटो पाठवा. मी हो म्हटल्यावरच कव्हर लावा.

तुमची लेक