गणपतराव देशमुखांची आठवण एसटीच्या बाकापुरती नको

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सांगोल्याचे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) माजी आमदार गणपतराव देशमुख यांचे ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात निधन झाले, तेव्हा ते ९४ वर्षांचे होते. तेव्हापासून त्यांच्या स्मृतिदिनाला किंवा निवडणुकीच्या हंगामात त्यांच्याविषयी जे जे छापून येते, त्यात दोनच गोष्टी ठळकपणे सांगितल्या जातात. ते ११ वेळा आमदार झाले ही पहिली आणि आमदार असूनही ते एसटीने प्रवास करत ही दुसरी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींचा मला आदर आहे. तरीही सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडी तालुक्यात आयुष्य काढलेला एक निवृत्त शिक्षक म्हणून मला असे वाटते की एवढ्यावरच थांबून आपण या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा भाग वाचकांपुढे येऊच देत नाही. तो भाग विधानसभेच्या सभागृहात घडला, आणि त्याच्याविषयी लिहावे असे फारसे कोणाला वाटत नाही.

आधी विक्रमाविषयी, कारण तिथे नेहमीच गफलत होते. सर्वाधिक वेळा विधानसभेवर निवडून येण्याचा देशातला विक्रम त्यांच्या नावावर असल्याचे अनेकदा छापले जाते. तमिळनाडूचे एम. करुणानिधी १३ वेळा निवडून आले होते आणि केरळचे के. एम. मणी तर पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा. गणपतरावांचा विक्रम महाराष्ट्रापुरता आहे. ही दुरुस्ती केल्याने त्यांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही, कारण करुणानिधी अनेकदा मुख्यमंत्री झाले, मणी वर्षानुवर्षे अर्थमंत्री होते, आणि गणपतरावांची बहुतेक सारी वर्षे मात्र विरोधी बाकांवर गेली. हाती सत्ता नसताना, पदरात टाकण्यासारखे काही नसताना, एका दुष्काळी तालुक्याने एका माणसाला पुन्हा पुन्हा निवडून का दिले, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आकड्यात सापडत नाही.

१९६२ साली ते पहिल्यांदा निवडून आले, तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या नेतृत्वाखालील काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या होत्या. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन यशस्वी झाले होते, त्या आंदोलनाच्या बळावर १९५७ मध्ये उसळलेली विरोधाची लाट ओसरली होती आणि शेतकरी कामगार पक्षाचे अवघे १५ आमदार सभागृहात उरले होते. राजकारणात पुढे जाऊ पाहणाऱ्या तरुण वकिलाने काँग्रेसची वाट धरण्याचा तो काळ होता, आणि शेकापमधले अनेक मातब्बर त्या वाटेने गेलेही. गणपतराव गेले नाहीत. १९६७ ला ते पुन्हा निवडून आले, १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० अशा चार निवडणुका त्यांनी सलग जिंकल्या आणि १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी त्यांचा पराभव झाला. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४. मधल्या खंडांची वर्षे सोडली तरी ही जवळपास ५० वर्षांची आमदारकी होते. त्यातला मंत्रिपदाचा काळ थोडाच होता. पहिल्यांदा ते १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात मंत्री झाले आणि दुसऱ्यांदा १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात.

मला त्या १९२ मतांविषयी थोडे थांबून लिहावेसे वाटते. पराभूत झालेल्या आमदाराचे तालुक्यात काय होते हे आम्ही खेड्यातली माणसे जवळून पाहतो. वाड्यावरची वर्दळ एका रात्रीत थांबते, कार्यकर्ते नव्या आमदाराच्या दारात दिसू लागतात आणि सहा महिन्यांत स्वतः नेताही कुठल्या तरी दुसऱ्या पक्षाच्या वाटेवर असतो. १९९५ मध्ये त्यांचे वय ६८ होते, राज्यात युतीचे सरकार आले होते आणि त्यांचा पक्ष आणखी आकसला होता. त्या वयात, त्या पक्षात राहून, पुढची चार वर्षे आमदारकीशिवाय काढणे आणि १९९९ ला त्याच चिन्हावर पुन्हा उभे राहून निवडून येणे, ही गोष्ट मला ११ या आकड्याहून कितीतरी मोठी वाटते. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा आला आणि २००३ मध्ये घटनादुरुस्तीने तो आणखी कडक झाला, पण ज्याला पक्ष सोडायचाच नव्हता त्याला या कायद्याची कधी गरजच पडली नाही. २०२२ साली शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी तिथल्या तेव्हाच्या आमदाराने गुवाहाटीच्या हॉटेलातून केलेल्या एका दूरध्वनी संभाषणामुळे त्याच सांगोल्याचे नाव राज्यभर घरोघरी पोहोचले, तेव्हा माझ्यासारख्या अनेकांना मनापासून वाईट वाटले. ज्या मतदारसंघाने महाराष्ट्राला निष्ठेचा इतका मोठा दाखला दिला, त्याची ओळख नव्या पिढीला या प्रसंगाने व्हावी, हे दुःख मी अजून विसरलेलो नाही.

आता सभागृहातल्या कामाविषयी. मी तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. आमदार काय काम करतात, असा प्रश्न दरवर्षी वर्गात विचारत असे आणि दरवर्षी तीच उत्तरे येत असत. रस्ता करतात, टँकर आणतात, सभामंडप बांधून देतात, लग्नाला येतात. कायदे करतात, असे उत्तर क्वचितच येई, आणि आले तरी ते पुस्तकात वाचलेले असे. मुलांचा त्यात काही दोष नव्हता. घरात जे कानावर पडे आणि आपल्या वर्तमानपत्रांतून जे वाचायला मिळे, तेच ती सांगत होती. आमदार निधी वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंत गेल्यापासून तर आमदार म्हणजे कामे मंजूर करून आणणारा माणूस ही समजूत आणखी पक्की झाली आहे.

परंतु विरोधी बाकावरच्या आमदाराच्या हातात खरे साधन असते ते विधानसभेच्या नियमांचे. तारांकित प्रश्न विचारला की संबंधित मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि उपप्रश्नांना तोंड द्यावे लागते. उत्तर समाधानकारक नसेल तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना देता येते आणि अर्थसंकल्पातील मागण्यांवर कपात सूचना मांडून एखाद्या योजनेसाठी ठेवलेल्या रकमेचा हिशेब विचारता येतो. मंत्र्याने ‘तपासून पाहू’, ‘कार्यवाही करू’ असे सांगितले की ते आश्वासन म्हणून नोंदवले जाते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. ही सगळी साधने वापरायची तर आदल्या रात्री बसून कागद वाचावे लागतात, जुनी उत्तरे शोधावी लागतात आणि सकाळी सभागृह भरताना जागेवर हजर असावे लागते. यातल्या कशाचेही छायाचित्र निघत नाही. गणपतरावांची ख्याती सभागृहात होती ती याच कामासाठी, आणि काही काळ विरोधी पक्षनेतेपदही त्यांच्याकडे होते. पक्षाचे दोन-तीनच आमदार असताना बोलायला वेळ किती थोडा मिळतो हे लक्षात घेतले, म्हणजे तो वेळ तयारीने वापरणाऱ्या माणसाची किंमत कळते.

या कामाचा माझ्या घराशी काय संबंध, तेही सांगतो. १९७२ च्या दुष्काळात माझी आई पाझर तलावाच्या कामावर जात असे. मी तेव्हा लहान होतो आणि दुपारच्या सुट्टीत तिच्याकडे जात असे, कारण तिथे सुकडी मिळे. बायका डोक्यावर घमेली घेऊन रांगेने चढत, मुकादम हजेरीपटावर काट मारत असे आणि आठवड्याच्या पगाराला आई अंगठा उठवी. ते काम त्या वेळी सरकारच्या मर्जीवर होते. उद्या बंद केले असते तर विचारायची सोय नव्हती. पुढे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि मागेल त्याला काम हा हक्क झाला. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर या योजनेसाठी लावण्यात आला. आईच्या अंगठ्याच्या मागे कायदा उभा राहिला तो विधिमंडळात बसून काम करणाऱ्या माणसांमुळे, आणि गणपतराव त्या काळातल्या सभागृहाचे सभासद होते. पुढे १९९९ मध्ये रोजगार हमीचे खाते त्यांच्याकडेच आले, ही मला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते.

दुसरी गोष्ट पाण्याची. कृष्णा खोऱ्यातले पाणी माणदेशातल्या दुष्काळी तालुक्यांना मिळाले पाहिजे आणि ते सर्वांना समान वाटले पाहिजे, या मागणीसाठी नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा होऊ लागल्या, आणि आबासाहेब, म्हणजे गणपतराव, त्या चळवळीच्या प्रमुख नेत्यांपैकी होते. सुरुवातीच्या परिषदांना मी श्रोत्यांत जमिनीवर बसलेला आहे. कृष्णेचे पाणी कराडजवळच्या टेंभूतून टप्प्याटप्प्याने उचलून आमच्या माळावर आणायचे, हे तेव्हा ऐकणाऱ्यांनाही खरे वाटत नसे. पुष्कळ वर्षांनी ते पाणी आमच्या भागातल्या कालव्यात आले त्या दिवशी मी काठावर उभा होतो. पाणी गढूळ होते, पुढे काटक्या आणि फेस ढकलत सावकाश येत होते, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी खण-नारळाने त्याची ओटी भरली. परिषदेच्या व्यासपीठावरची मागणी आणि त्या गढूळ पाण्याची पहिली धार यांच्या मधली सारी वर्षे प्रशासकीय मान्यता, सुधारित अंदाजपत्रके, निधीची तरतूद, थकलेली वीजबिले आणि अपुरे राहिलेले टप्पे यांच्यावर प्रश्न विचारण्यात गेली. ती वर्षे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. परिषदेला हजारो माणसे जमत म्हणून तिची बातमी होत असे. मुंबईत आणि नागपुरात अधिवेशनामागून अधिवेशन त्याच विषयाचा पिच्छा पुरवणे चालू होते, त्याची मात्र ओळभरही बातमी आमच्यापर्यंत येत नसे.

मी व्यक्तिपूजेसाठी हे लिहीत नाही. या कारकिर्दीत उणिवा होत्या आणि त्या आबासाहेबांविषयी आदर बाळगूनच बोलल्या पाहिजेत. एवढ्या दीर्घ काळात त्यांच्या पक्षाला सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याच्या बाहेर पाय रोवता आले नाहीत. २०१४ मध्ये राज्यात शेकापचे तीन आमदार निवडून आले आणि २०१९ मध्ये एकच. वयोमानामुळे २०१९ ला ते थांबले, तेव्हा उमेदवारी त्यांच्या नातवाकडे गेली आणि थोड्या मतांनी पराभव झाला. २०२४ ला दुसरे नातू त्याच पक्षाकडून निवडून आले. नव्या आमदारांना माझ्या शुभेच्छाच आहेत. परंतु शेतकरी-कामगारांचा म्हणून १९४७ साली स्थापन झालेल्या पक्षाला पन्नास वर्षांत घराबाहेरचा वारसदार घडवता आला असता, तर मला अधिक समाधान वाटले असते.

याच कारणाने त्यांच्या साधेपणाच्या कौतुकाविषयी मला शंका येते. साधेपणा हा स्वभावाचा गुण आहे आणि तो कोणालाही मागता येत नाही. पण उपस्थिती, प्रश्न, कपात सूचना आणि आश्वासनांचा पाठपुरावा या गोष्टी प्रत्येक आमदाराकडून मागता येतात, मग तो एसटीने येवो की स्वतःच्या गाडीने. आपण एसटीच्या बाकाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, तेव्हा आजच्या आमदारांचीही सोय होते. ‘असा माणूस आता होणे नाही’ असे म्हणून सगळे मोकळे होतात आणि जे आजही करता येण्यासारखे आहे त्याविषयी कोणी कोणाला विचारत नाही.

म्हणून आपल्याकडे माझी विनंती अशी आहे. प्रत्येक अधिवेशन संपल्यावर आपल्या जिल्हा आवृत्तीत त्या जिल्ह्यातील प्रत्येक आमदाराने किती दिवस हजेरी लावली, कोणते प्रश्न विचारले, त्यांना काय उत्तर मिळाले आणि मागच्या अधिवेशनातल्या आश्वासनाचे पुढे काय झाले, हे अर्ध्या पानात तरी छापावे. विधिमंडळाची कार्यवाही छापली जाते, ती कोणाला पाहायची बंदी नाही आणि आपले प्रतिनिधी अधिवेशनाला असतातच. त्याबरोबरच गणपतरावांची विधानसभेतील निवडक भाषणे आणि त्यांनी विचारलेले प्रश्न, मंत्र्यांच्या उत्तरांसह, विधिमंडळ सचिवालयाने एकत्र करून ग्रंथरूपाने प्रसिद्ध करावेत, अशी मागणी आपण अग्रलेखातून करावी. हा ग्रंथ निघाला तर त्याची एक प्रत आमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी मी स्वखर्चाने घेईन आणि दहावीच्या वर्गात टेंभूच्या पाण्यावरचा एखादा प्रश्न, उपप्रश्न आणि उत्तर मुलांकडून वाचून घेण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडे मागेन.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
आटपाडी तालुका, जि. सांगली