कोतवाल बुकातली 'मुलगी'

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

किनाऱ्यावरच्या मच्छीमार घराण्यांच्या वंशावळीवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. वसईकडे चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या अशा शोधात कामी येतात. आम्ही वैनगंगेकाठचे ढिवर. समुद्र कधी पाहिला नाही, पण पिढ्या मासोळीवरच जगल्या. आमच्यासाठी ती वही म्हणजे कोतवाल बुक, गावच्या कोतवालाकडची जन्म-मृत्यूची नोंदवही.

मुलीच्या जात पडताळणीसाठी मला त्या वहीपर्यंत जावं लागलं. आम्ही भटक्या जमाती (ब) मध्ये येतो, त्यामुळे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा हवा. आजोबा शाळेत गेले नाहीत, म्हणून दाखल-खारीज, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातली नोंद, नाही. शेत नव्हतं, म्हणून जमिनीचा कागद नाही. डोंगा आणि जाळं एवढीच इस्टेट, तिची नोंद कोण ठेवतो?

गठ्ठ्याची दोरी सोडली तसा पानांचा चुरा टेबलावर सांडला. एका पानावर फिकट जांभळ्या शाईत पणजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, जात 'ढिमर' आणि पुढे एवढंच: 'मुलगी झाली'. ती आमची आत्याआजी. शिंगाड्याची वेल तलावात कशी लावायची, हे घरातल्या सगळ्यांना तिनेच शिकवलं. घरी तिचं नाव आजही निघतं, कागदावर मात्र ती नुसतीच मुलगी.

पणजोबा दुसऱ्या वहीत 'ढिवर' आहेत, तिसरीत 'भोई'. आपला भाग मध्य प्रांतात होता. हिंदी वळणाचा कारकून ढिमर लिही, मराठी वळणाचा ढिवर. आडनाव कुठेच नाही. त्रुटी काढणाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटली. वैधता प्रमाणपत्र हाती आलं तोवर मुलीचं एक वर्ष गेलं होतं, आणि ते आठवलं की अजून जीव तुटतो.

कोतवाल बुकं, तसंच गावाचे सामाईक हक्क आणि वहिवाटी नोंदवलेली निस्तारपत्रकं आणि वाजिब-उल-अर्ज यांची पानं तुकडे होण्याआधी स्कॅन झाली पाहिजेत. मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या, तलावांवर गावकऱ्यांचे हक्क काय होते, तेही याच कागदांत आहे. ढिमर, ढिवर, भोई यांपैकी कोणताही शब्द टाकला तरी नोंद सापडावी, अशी सोय हवी. तरुण पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांना बोलतं करून मोबाइलवर टिपून ठेवावं, बायकांची नावं तर आधी. गोसीखुर्द धरणामुळे गावं उठली, माणसं पांगली. पारावर बसून 'तू कोणाचा नातू रे?' विचारणारे आता एका गावात उरले नाहीत.

परवा आईने आत्याआजीच्या सासरचं गाव सांगितलं. ते धरणात गेलं आहे. त्या गावचं कोतवाल बुक सध्या कुठे ठेवलं आहे, हे दोन कार्यालयांत विचारूनही कळलं नाही. बुडालेल्या गावांच्या वह्या कुठे गेल्या हे कोणा वाचकाला ठाऊक असेल, तर याच सदरातून कळवावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा